शेवटच्या गडगडाटानंतरचा अर्धा तास

आमच्या वेळी खो-खोचं जे नियमपुस्तक हातात पडायचं, त्यात विजेबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. खांब किती उंच, पाटी किती रुंद, खो देताना हात कुठे लागला पाहिजे, सगळं छापलेलं. पण आभाळ कडाडायला लागलं तर पंचाने काय करायचं, यावर पुस्तक गप्प. लिहिणाऱ्यांनी मराठवाड्यातला भाद्रपद बहुधा पाहिलेला नसावा. आमच्याकडे शालेय स्पर्धा नेमक्या परतीच्या पावसाच्या तोंडावर येतात. सकाळी ऊन एवढं की फक्कीच्या पांढऱ्या रेषांकडे बघवत नाही, आणि दुपार कलली की एका कोपऱ्यातून काळं भरून येतं. मग वारा, मग धूळ, मग कडकडाट. मैदान म्हणजे काळ्या मातीचं सपाट रान, त्यात उंच असे दोन लाकडी खांब आणि त्यांच्या आसपास शिट्टी घेऊन धावणारी मी.

मी लातूरच्या एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. मूळची बिलोलीची. आईला घेऊन लातुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. लग्न झालेलं नव्हतं, आणि ते का झालं नाही याची जी कारणं नातेवाईक सांगत, त्यात माझ्या जिभेचा नंबर पहिला होता. खोटं नव्हतं ते. मैदानावर मी कुणाची भीडभाड ठेवली नाही. एकदा नायगावला लोखंडी पाइपांच्या मंडपात प्रमुख पाहुणे खेळाचं जीवनातलं महत्त्व सांगत होते, वर ढग गुरगुरत होते आणि मंडपाखाली पोरी दाटीवाटीने बसलेल्या होत्या. मी भाषणाच्या मध्येच लांब शिट्टी मारली आणि सगळ्या पोरींना उठवून शाळेच्या इमारतीत नेलं. पाहुण्यांनी उरलेलं भाषण माइकवाल्याला ऐकवलं. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी काय लिहिलं गेलं असेल ते असो.

हे शहाणपण मात्र मला आधीपासून नव्हतं. ते ज्यांच्यासोबत आलं, त्या सरांबद्दलच मला सांगायचं आहे.

सर किल्लारीच्या बाजूच्या एका गावातल्या शाळेत खेळशिक्षक होते. खो-खोत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. सर सरपंच, मी पंच, अशी आमची जोडी जिल्ह्याच्या बहुतेक सामन्यांना लागायची, कारण मुलींच्या सामन्याला एक तरी बाई पंच हवी असायची आणि माझ्यासोबत काम करायला बाकीचे सर लोक फारसे उत्सुक नसत. हे सर कमी बोलायचे. निर्णय देताना हातसुद्धा असा वर करायचे की बाद झालेल्या पोरीला वाईट वाटू नये.

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं घर पडलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर धाब्याचं माळवद, तसली घरं होती तिकडे सगळीच. त्यांची बायको त्यात गेली. मूलबाळ नव्हतं. ते स्वतः वाचले, कारण त्या पहाटे ते घरात नव्हते, शाळेजवळ होते. गावातले लोक म्हणायचे, सरांना मैदानानं वाचवलं. त्यानंतर ते शाळेच्या मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले. पुढे पुनर्वसनाचं घर मिळालं, त्यात त्यांनी भावाला ठेवलं आणि आपली खाट शेडबाहेरच ठेवली. सामन्यांना परगावी गेलो की बाकीचे पंच शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपायचे आणि सर पटांगणात. कुणी काही विचारायचं नाही.

भूकंपानंतरच्या पहिल्याच मोसमात एक सामना होता. तालुक्याच्या गावी, मुलींचा. डाव रंगात आला होता आणि ढग वाजायला लागले. तेव्हा आम्ही पाऊस आला की खेळ थांबवायचो, ढगांसाठी नाही. पण त्या दिवशी वीज फारच जवळ चमकली, म्हणून मी स्वतःच्या डोक्याने शिट्टी मारली आणि दोन्ही संघांना शाळेच्या वर्गात पिटाळलं. पोरी आत गेल्या न गेल्या तोच असा आवाज झाला की खिडक्यांची तावदानं थरथरली. आणि वर्गातल्या सगळ्या पोरी, एका झटक्यात, बाहेर धावल्या. थेट मैदानाच्या मधोमध. त्यांच्या पुढे सर. ते ओरडत होते, "बाहेर या, बाहेर या, भिंतीपासून लांब."

बाहेरगावच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडे भूकंपाच्या आधी कितीतरी महिने जमिनीतून आवाज यायचे, ढग गुरगुरल्यासारखेच. नंतरही हादरे चालूच होते. पोरांना घरीदारी एकच शिकवलेलं होतं, आवाज झाला की छताखालून निघा आणि मोकळ्यात जा. त्यामुळे कुठेही गडगडलं की या भागातली पोरं आधी एकमेकांना विचारायची, आवाज वरचा हाय का खालचा? आणि उत्तर यायच्या आत पाय मैदानाकडे वळलेले असायचे. त्या दिवशी आवाज वरचा होता. भूकंपापासून वाचायला पोरी जिथे जाऊन उभ्या राहिल्या, ती विजेसाठी अख्ख्या गावातली सगळ्यात वाईट जागा होती. मी धावत गेले, एकेकीचा हात धरून ओढू लागले, कुणी हलेना. तेवढ्यात मैदानाच्या कडेच्या कडुलिंबावर वीज पडली. झाड उभं चिरलं गेलं. पोरी चिखलात आडव्या पडल्या होत्या, रडत होत्या, पण सगळ्या उठल्या. कुणाला काही झालं नाही.

सरांनी एकेक पोर मोजली, त्या झाडाकडे पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "म्याडम, मी पोरी मारल्या असत्या." मी एरवी अशा वेळी फाडकन बोलले असते. तेव्हा मात्र त्यांना पाणी आणून दिलं. त्या दिवसापासून मला हा माणूस आवडायला लागला. त्याच दिवशी का, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी नांदेडला पंचांचं शिबिर झालं. तिथे बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञाने विजेचा एक तास घेतला. पहिला गडगडाट कानावर आला की खेळ थांबवा, पावसाची वाट बघू नका. झाडाखाली नाही, मंडपात नाही, उघड्या शेडमध्ये नाही, तारेच्या कुंपणाजवळ नाही. पक्की इमारत, नाहीतर पत्र्याचं छत असलेली बंद गाडी. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणालाही बाहेर सोडायचं नाही. मध्ये पुन्हा गडगडलं, तर अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. बरेच पंच हसत होते, असं केलं तर स्पर्धा दिवाळीला संपेल म्हणाले. सर मागच्या बाकावर बसून सगळं उतरवून घेत होते. चहाच्या वेळी मला म्हणाले, इमारत आपल्या पोरींना जमायची न्हाई, पण गाडी जमंल.

आणि खरोखर जमली. संघ प्रासंगिक कराराच्या एसटीने यायचे. ती एसटी सामना संपेपर्यंत तिथेच उभी असायची, ड्रायव्हर मागच्या सीटवर झोपलेला. सरांनी आणि मी आमच्यापुरता नियम केला. नाणेफेकीच्या आधी गाडी मैदानाच्या कडेला, झाडापासून लांब लावून घ्यायची. पहिला गडगडाट झाला की सरांची लांब शिट्टी, आणि पोरी रांगेने गाडीत. काचा बंद, लोखंडी दांड्यांना हात लावायचा नाही, सगळ्यांनी सीटवर बसायचं. गाडीला पोरी भ्यायच्या नाहीत. तिला दगडाच्या भिंती नव्हत्या. आणि सरही तिच्यात चढायचे. दारात थांबून एकेक डोकं मोजायचे, सगळ्यात शेवटी आत येऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसायचे.

पुढची कितीतरी वर्षं माझा भाद्रपद म्हणजे त्या गाड्या. काचांवर वाफ धरलेली, ओल्या मातीचा आणि घामाचा वास, पोरींच्या भेंड्या, मागे ड्रायव्हरचं घोरणं. प्रत्येक आवाजाला कुणीतरी पोर विचारायची, "सर, वरचा का खालचा?" आणि सर न चुकता सांगायचे, "वरचा हाय बाळ, वरचा." मग घड्याळात बघायचे. अर्धा तास तिथून सुरू. त्या अर्ध्या तासात आम्ही बोलायचो. करडईचं पीक, बिलोलीकडच्या भाकरीची चव, माझ्या आईचं गुडघेदुखणं, त्यांच्या शाळेच्या मैदानावरचे खड्डे. विशेष असं काही नाही. पण वर्षभर मी ते साठवून ठेवायचे. अर्धा तास संपत आला की मनातल्या मनात म्हणायचे, अजून एकदा वाज. पोरींना खेळायचं असायचं, संयोजक बाहेर छत्री धरून घायकुतीला यायचे, छत्री मिटा म्हणून मी त्यांच्यावर काचेतूनच डाफरायचे, आणि माझं सगळं लक्ष आभाळाकडे. लांब कुठेतरी पुन्हा गुरगुरलं की सर घड्याळ बघून म्हणायचे, पहिल्यापासून म्याडम. इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्या वाक्याने झालेला नाही.

मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगते. मला त्यांच्यासोबत एका घरात राहायचं होतं. सकाळचा चहा एका ओट्यावर करायचा होता. लोक काय म्हणतील याची मला फिकीर नव्हती, ते आधीच पुष्कळ म्हणत होते. आईला सगळं कळलेलं होतं. ती एकदा म्हणाली, माणूस चांगला हाय, पण जो घरातच येत न्हाई त्याच्यासंगं संसार कुठं मांडशील? मी चिडले, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण तिने माझ्याच मनातलं म्हटलं होतं. सर आमच्या खोलीवर यायचे तेव्हा अंगणातच खुर्ची टाकून बसायचे. चहा मी बाहेर आणून द्यायचे. आई गेली तेव्हाही ते दिवसभर अंगणात बसून होते.

दरम्यान लातूर बदलत होतं. लातूरच्या पोरांचे मार्क पेपरात छापून यायला लागले आणि राज्यभरातून आईबाप आपापली लेकरं घेऊन इथे उतरायला लागले. गल्लोगल्ली क्लास, मेस, होस्टेल. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, आमच्या नशिबी असे फलक कधी आले नाहीत. खेळाचा तास आधी आठवड्यातून एकदा झाला, मग फिजिक्सला गेला. नववी झाली की पोरी खो-खो सोडायच्या. चांगली पळणारी एखादी पोर रस्त्यात भेटली तर पाठीवर पुस्तकांचं ओझं आणि नजर खाली. आमच्या शाळेच्या मैदानाचा अर्धा तुकडा होस्टेलच्या इमारतीखाली गेला, तीन मजल्यांच्या. उरलेल्या अर्ध्यात खो-खोचं मैदान कसंबसं बसायचं. संस्थाचालक म्हणायचे, म्याडम, बसतंय ना, मग झालं.

त्याच मैदानावर आमच्या दोन शाळांचा एक मैत्रीचा सामना झाला, म्हणून पंचही आम्हीच. सरांचा संघ आला होता, भूकंपात पाळण्यात असलेल्या पोरी. संघ आमच्याच संस्थेच्या बसने आला, पण क्लासच्या पोरांची फेरी होती म्हणून बस त्यांना उतरवून लगेच निघून गेली. सरांनी नाणेफेकीच्या आधी विचारलं, गाडी लागली का? मी म्हटलं, येते म्हणालेत. आभाळ तेव्हा स्वच्छ होतं.

दुसऱ्या डावात गडगडलं. सरांनी लांब शिट्टी मारली. बस आलेली नव्हती. आमच्या पोरी त्या तीन मजली इमारतीत शिरल्या. सरांच्या पोरी मैदानातच थांबल्या, सरांकडे बघत. मी म्हटलं, "सर, आत चला."

"तुम्ही पोरींना न्या. मी हितंच बसतो, पाय जुळवून."

पण पोरी जाईनात. त्यांच्यातली मोठी म्हणाली, सर न्हाईत तर आम्ही पण न्हाई. चमकलं, आणि त्यामागोमाग लगेच कडाडलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ठीक आहे, मग मीही इथेच. आणि खरंच त्यांच्यापासून काही पावलांवर उकिडवी बसले. शिबिरात सांगितलं होतं की उघड्यावर सापडलात तर एकमेकांपासून अंतर ठेवा, ते मी रागातसुद्धा पाळलं. पावसाचे थेंब अंगावर टोचत होते. सरांनी पोरींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग उठले. इमारतीकडे चालू लागले, आणि पोरी त्यांच्यामागे गेल्या.

तळमजल्याच्या एका खोलीत, डोक्यावर तीन मजले घेऊन, सर जमिनीवर मांडी घालून बसले. भिंतीला पाठ लावली नाही, खिडकीच्या गजांपासून पोरींनाही दूर बसवलं. शर्ट घामाने भिजला होता, ओठ पांढरे पडले होते. मी त्यांच्याजवळ बसले. गडगडलं तसं त्यांनी मला विचारलं, "वरचा ना?" मी म्हटलं, "वरचा." परत गडगडलं. परत विचारलं. मी परत सांगितलं. एरवी मी अजून एकदा वाज म्हणायचे, त्या दिवशी मात्र जीव मुठीत धरून पुरे म्हणत होते. शेवटी आवाज लांब गेला. अर्धा तास मी घड्याळात बघितला, त्यांना बघवत नव्हतं. मग ते उठले, तोंड धुतलं आणि उरलेला डाव पूर्ण करून घेतला. त्यांचा संघ हरला.

सर छताखाली आले होते. माझ्या डोक्यात पुढे कितीतरी दिवस हेच एक वाक्य फिरत होतं.

शहराच्या कडेला माझा एक छोटा प्लॉट होता. मी घर बांधायला काढलं. शेजारीपाजारी सगळे मजल्यावर मजला चढवून होस्टेलं उभी करत होते. मिस्त्री मला समजावून थकला. म्याडम, स्लॅब टाका, वर पोरं ठेवा, आयुष्यभर बसून खा. मी ऐकलं नाही. लोखंडी सांगाडा, हलक्या विटा आणि वर पत्रे. दगड नाही, स्लॅब नाही, डोक्यावर जड असं काही नाही. खोल्या दोनच, पण दारं मोठी, दोन्हीकडून अंगणात उघडणारी. विजेसाठी छताला तार लावून जमिनीत पुरून घेतली. मिस्त्री म्हणाला, असलं घर लातुरात दुसरं सापडायचं न्हाई. मला तेच हवं होतं.

वास्तुशांतीला सर आले. करडईच्या तेलाचा डबा घेऊन आले. पाहुणे जेवून गेले, दुपार झाली, सर अंगणातून उठून स्वतःहून आत आले. पहिल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले, ओट्यावर हात फिरवला, वर पत्र्यांकडे बघितलं. मग खाली चटईवर बसले. मी चहा आत आणून दिला. आयुष्यात पहिल्यांदा.

"हे पत्रे माझ्यामुळंच टाकले न्हवं?" ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "दुसरी खोलीही तुमच्यामुळंच."

चहावर साय धरली.

"छताची भीती आता न्हाई राहिली, म्याडम. होती, ती तुमच्या शाळेत निघून गेली त्या दिवशी. पण ही गोष्ट येगळी हाय." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या राती इसर्जनाच्या मिरवणुकीवरनं यायला उशीर झाला व्हता. ती झोपली आसंल, कडी वाजवून कशाला उठवा, म्हणून मी शाळेच्या ओट्यावरच आडवा झालो. ती आत, मी बाहेर. आता मी कुठं आत जाऊन सुखानं झोपलो, तर तिला काय वाटंल?"

इतकी वर्षं मी त्यांच्या डोक्यावरचं छत हलकं करत होते. सरांनी चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला. दारात चपला घालताना पुन्हा एकदा वर बघितलं आणि म्हणाले, उन्हाळ्यात पत्रा लई तापतो म्याडम, पंखा लावून घ्या. मग संध्याकाळच्या एसटीने गावी गेले.

त्याला आता खूप वर्षं झाली. सर निवृत्त झाले, दिवाळीला फोन करतात, दोघंही तब्येतीचं विचारतो. मी आजही त्यांची वाट बघते, यात लपवण्यासारखं काय आहे. सर सांगून गेले त्या आठवड्यातच मी पंखे लावून घेतले होते, दोन्ही खोल्यांत.